पृष्ठभागाचं वय

(व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



आजचा विषय कळवला, तेव्हा व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांपैकी एकानं फोन करून अगदी आपुलकीनं विचारलं, ‘सर, हा डँकवर्ट्स नावाचा माणूस आपल्या भागात कधी आला होता का?’ नाही आला. माझ्या माहितीप्रमाणे आपल्या तासगावचं नावही त्यानं ऐकलं नसेल. मग त्याच्यावर इथं तासभर का बोलायचं, हा प्रश्न रास्त आहे. त्यात आणखी एक गोष्ट आहे. ज्या गावानं ३ सप्टेंबर १९४२ रोजी मामलेदार कचेरीवर तिरंगा लावला, ज्याच्या शेजारच्या कुंडलमधून प्रतिसरकारची सूत्रं हलली, त्या गावात इंग्रज नौदलातल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या मुलाचं चरित्र सांगायचं! काही ज्येष्ठांना हे खटकलं तर मला नवल वाटणार नाही. तरीही मी हाच विषय घेतला, आणि त्याचं कारण ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींपाशी आहे.

मी आठवीत होतो. आमच्या मळ्यात त्या वर्षी पहिल्यांदा बेदाणा केला होता. सकाळी बेदाण्याच्या शेडवर हात लावून मी शाळेत यायचो आणि अंगाला द्राक्षं बुडवायच्या डिपिंग ऑईलचा वास यायचा. गुरुजींनी तो ओळखला. वर्गात मला उभं केलं आणि विचारलं, ‘द्राक्षाला तोंड कुठं असतं रे?’ पोरं हसली. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, ‘चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो. तीन किलो पाणी गेलं. कुठल्या वाटेनं गेलं?’ मला उत्तर आलं नाही. पुढं रासायनिक अभियांत्रिकी शिकलो, ती शिकवत माझी हयात गेली, आणि तो प्रश्न काही सुटला नाही. म्हणजे उत्तर मिळालं, पण प्रश्न अंगावरून उतरला नाही. द्राक्षातून पाणी बाहेर जातं, हवेतला वायू पाण्यात शिरतो, दुधातली साय वर येते. दोन वस्तू जिथं एकमेकींना भिडतात, त्या पातळ सीमेवर नेमकं काय चालतं? या प्रश्नाचा विसाव्या शतकात ज्यांनी सगळ्यात खोल विचार केला, त्यांतले एक पीटर व्हिक्टर डँकवर्ट्स. आणि हे ज्ञान आपल्या मुलखात नुसत्या पुस्तकांच्या पार्सलातून आलेलं नाही, ते माणसांच्या हातून आलं. त्या माणसांची साखळी आज मला तुमच्यापुढं मांडायची आहे.

डँकवर्ट्सचा जन्म १४ ऑक्टोबर १९१६ चा. वडील नौदलात, पुढं व्हाइस ॲडमिरल झाले. शाळा विंचेस्टर, मग ऑक्सफर्डचं बॅलियल कॉलेज, १९३९ साली रसायनशास्त्रात पहिल्या वर्गाची पदवी. आणि त्याच साली युद्ध. तरुण डँकवर्ट्स नौदलाच्या स्वयंसेवक राखीव दलात गेले, आणि त्यांच्या वाट्याला आलं बाँब निकामी करण्याचं काम.

१९४० च्या सप्टेंबरात लंडनवर रात्रंदिवस बाँब पडत होते. त्यांत पॅराशूटनं उतरवलेले सुरुंगही होते. मुळात समुद्रात जहाजं बुडवण्यासाठी बनवलेले, आठ फुटांहून लांब, जवळजवळ एक टन वजनाचे. ते शहरावर पडायचे, काही फुटायचे, काही न फुटता छपरांत, झाडांत, गल्लीबोळांत अडकून राहायचे. आतल्या फ्यूजमध्ये घड्याळ असायचं. न फुटलेल्या सुरुंगाला जरा धक्का लागला की ते पुन्हा चालू व्हायचं, आणि मग हाताशी उरायची सतराएक सेकंद. त्या मुदतीत पळून किती लांब जाता येतं, याचा हिशेब तुम्हीच करा. तेवीस वर्षांच्या डँकवर्ट्सनी जवळजवळ विश्रांती न घेता अठ्ठेचाळीस तासांत असे सोळा सुरुंग निकामी केले. त्याच वर्षी सुरू झालेला जॉर्ज क्रॉस, समोर शत्रू नसताना दाखवलेल्या शौर्यासाठीचा तिकडचा सर्वोच्च सन्मान, त्यांना मिळाला. पुढं १९४३ साली सिसिलीत सुरुंगांच्याच पट्ट्यात ते जबर जखमी झाले.

मी इथं थोडा थांबतो. त्या दोन-तीन वर्षांत आपल्या भागात काय चाललं होतं? माणसं भूमिगत होती, शाळूच्या रानांतून रात्री चालत होती, पोलिसांच्या गोळ्या झेलत होती, आणि लढत होती त्याच साम्राज्याशी. मी दोन्हीकडच्या धाडसाची तुलना करत नाही. आपली लढाई न्यायाची होती, यात मला तिळमात्र शंका नाही. पण लंडनच्या गल्लीत घर सोडून रस्त्यावर आलेल्या बाया-पोरांसाठी सुरुंगावर वाकलेला तो पोरगाही मला परका वाटत नाही. माणसाला दोन्ही गोष्टी एकाच मनात ठेवता येतात, असं मला वाटतं.

युद्ध संपल्यावर डँकवर्ट्स अमेरिकेत एमआयटीला गेले आणि तिथं रासायनिक अभियांत्रिकीची मास्टर्स पदवी घेतली. ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या रसायनशास्त्रज्ञाला हे शास्त्र नवंच होतं. इंग्लंडातही ते विद्यापीठांत अजून नीट रुजलं नव्हतं. केंब्रिजचा विभागच १९४५ साली शेल कंपनीनं दिलेल्या ४,३५,००० पौंडांतून उभा राहिला. टेरेन्स फॉक्स तिथले पहिले शेल प्राध्यापक. १९४८ साली डँकवर्ट्स त्या नव्या विभागात शिकवायला आले.

आता जरा शास्त्राकडं येऊ. घाबरू नका, समीकरण लिहिणार नाही.

वायू द्रवात विरघळतो, तेव्हा त्याला द्रवाच्या पृष्ठभागातून आत जावं लागतं. १९२० च्या दशकात व्हिटमन यांनी असं मानलं की पृष्ठभागालगत द्रवाचा एक पातळ, न हलणारा पापुद्रा असतो, आणि वायूला तो हळूहळू ओलांडावा लागतो. हिशेबाला ही कल्पना सोयीची होती, अजूनही आहे. पण उकळत्या, ढवळल्या जाणाऱ्या द्रवावर असा स्थिर पापुद्रा टिकेल कसा? गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळताना पाहा. वरचं खाली जातं, खालचं वर येतं, क्षणभरही काही जागेवर राहत नाही. १९३५ साली हिग्बी यांनी पृष्ठभागावरचा प्रत्येक थेंब ठराविक वेळच हवेपुढं असतो असं धरलं. १९५१ साली डँकवर्ट्सनी त्याच्याही पुढचं पाऊल टाकलं. ते म्हणाले, पृष्ठभागावरच्या प्रत्येक कणाला स्वतःचं वय आहे. खोलातून ताजा द्रव सतत वर येतो आणि जुन्याची जागा घेतो. कोण कधी खाली जाईल याला नियम नाही, नवखा जाण्याची शक्यता जितकी, जुना जाण्याची तितकीच. म्हणून वायू किती शोषला जाईल हे पृष्ठभाग किती झपाट्यानं नवा होतो यावर अवलंबून असतं.

मला हे कळलं ते आपल्या रथोत्सवात. ऋषिपंचमीला गणपतीचा रथ निघतो, दोराला शेकडो हात लागतात. दोरावरच्या हातांची जागा तेवढीच, पण हात बदलत असतात. दमलेला गडी बाजूला होतो, गर्दीतून ताज्या दमाचा पुढं येतो, कोण कधी सुटेल हे कुणीच ठरवत नाही. रथ किती वेगानं काशीविश्वेश्वराकडं सरकेल? दोर धरायला जागा किती, यानं ते ठरतं, पण गर्दीच्या आतून ताजे हात किती झपाट्यानं दोरापर्यंत पोचतात, यानंही तितकंच ठरतं. डँकवर्ट्सचा पृष्ठभाग म्हणजे तो दोर. कुणी मला विचारलं की हा सिद्धांत एका वाक्यात सांगा, तर मी रथोत्सवाकडं बोट दाखवतो.

दोनच वर्षांनी, १९५३ मध्ये, त्यांचा दुसरा मोठा निबंध आला. माझ्या मते हा पहिल्याहूनही मोठा. प्रश्न साधा होता. एखाद्या टाकीतून द्रव सतत वाहतो आहे, तर त्यातला प्रत्येक भाग आत किती वेळ राहतो? सगळे सरासरी काढत, टाकीचं आकारमान भागिले प्रवाह. डँकवर्ट्सनी दाखवलं की सरासरी पुरेशी नाही. प्रवेशद्वारापाशी रंग सोडा आणि बाहेर तो केव्हा, किती येतो ते मोजत बसा. जी वक्ररेषा मिळेल तीच टाकीची खरी कुंडली. देवळात दर्शनाची रांग शिस्तीची असेल तर प्रत्येक भक्ताला जवळजवळ सारखाच वेळ लागतो. पण रांग मोडली की कुणी दोन मिनिटांत दर्शन घेऊन बाहेर, आणि कुणी आजी तासभर आतच. सरासरी दोन्हीकडं एकच असू शकते, पण आजीच्या हालांचा पत्ता सरासरीत लागत नाही.

पिण्याच्या पाण्याच्या टाकीत हा हिशेब जिवाशी येतो. क्लोरीन घातलेलं पाणी टाकीत सरासरी अर्धा तास राहतं असं कागदावर दिसतं, पण काही पाणी आडवाटेनं पाच मिनिटांतच नळाला लागत असेल, तर तेवढ्या पाण्यातले जंतू मरत नाहीत. म्हणून टाकीत आडव्या भिंती घालून पाण्याला नागमोडी चालायला लावतात. मी तरुणपणी एका गावच्या पाणी योजनेवर सल्लागार म्हणून गेलो होतो. टाकीत भिंती नव्हत्या, गावात जुलाबाची साथ होती, आणि मी दोन दिवस फक्त सरासरीचाच हिशेब करत बसलो. तिसऱ्या दिवशी मला डँकवर्ट्स आठवला. तो उशीर मला अजून छळतो.

डँकवर्ट्स मधली दोन वर्षं सर ख्रिस्तोफर हिंटन यांच्या हाताखाली ब्रिटिश अणुऊर्जेच्या कामावर होते. १९५६ ते १९५९ लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात प्राध्यापक, आणि १९५९ पासून १९७७ पर्यंत केंब्रिजचे शेल प्राध्यापक. ‘केमिकल इंजिनिअरिंग सायन्स’ या नियतकालिकाचं संपादन त्यांनी दीर्घकाळ केलं. १९६९ साली रॉयल सोसायटीचे फेलो झाले. स्वभावानं माणूस बुजरा.

त्यांच्या कारकिर्दीतला आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आहे. मुंबईच्या माटुंग्यातून एक तरुण केंब्रिजला त्यांच्याकडं संशोधनाला आला. मनमोहन शर्मा. जन्म १९३७, जोधपूरचा. शिक्षण मुंबई विद्यापीठाच्या यूडीसीटीत, म्हणजे १९३३ साली सुरू झालेल्या त्या संस्थेत, जिला आज आपण इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी म्हणतो. शर्मांनी डँकवर्ट्सबरोबर जो विषय घेतला तो होता कार्बन डायऑक्साइड अल्कलीच्या द्रावणांत कसा शोषला जातो. सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट, अमाइन्स. १९६६ साली दोघांचा या विषयावरचा विस्तृत लेख आला, आणि १९७० साली डँकवर्ट्सचं वायू-द्रव अभिक्रियांवरचं पुस्तक. आमच्या पिढीनं ते पान न् पान वाचलं.

पोटॅशियम कार्बोनेट! इथं बसलेल्या किती जणांच्या घरी त्याची पोती आहेत? कार्बोनेट पाण्यात विरघळवायचं, त्यात डिपिंग ऑईल, म्हणजे मुख्यतः इथाइल ओलिएट, घालायचं, क्रेट भरून द्राक्षं त्यात दोन-चार मिनिटं बुडवायची आणि रॅकच्या जाळीवर पसरायची. सावलीत बारा-पंधरा दिवसांत बेदाणा होतो. न बुडवता तीच द्राक्षं सुकायला त्याच्या दुपटीहूनही जास्त दिवस लागतात. कारण द्राक्षाच्या सालीवर मेणाच्या पापुद्र्यांची बारीक शाकारणी असते, कौलांसारखी एकावर एक. डिपनं ती शाकारणी विस्कटते आणि पाण्याला वाट मिळते. गुरुजींच्या प्रश्नाचं हे पहिलं उत्तर. द्राक्षाला तोंड नसतं, पण मेणाची कौलं सरकवली की सारं अंगच तोंड होतं.

इथं मी शास्त्राशी प्रामाणिक राहायला हवं. डँकवर्ट्सचा १९५१ चा सिद्धांत द्राक्षाच्या सालीला जसाच्या तसा लागू होत नाही. साल नवी होत नाही, ती एकच असते, तिथं बदलावी लागते ती साल. पण डिपच्या टबाकडं पाहा. दिवसभर तो उघडा असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या पृष्ठभागातून आत शिरतो आणि कार्बोनेटचं हळूहळू बायकार्बोनेट होतं. द्रावण अकरा पीएचच्या आसपास असावं लागतं, ते उतरू लागतं. हवेत हा वायू अगदी थोडा, म्हणून ही गती मंद. पण ती किती मंद आहे, पृष्ठभाग ढवळला तर किती वाढेल, हा हिशेब नेमका तोच आहे जो शर्मा नावाचा पंचविशीतला विद्यार्थी केंब्रिजमध्ये करत होता. त्यांच्या प्रयोगातलं रसायन आणि आपल्या शेडवरच्या टबातलं रसायन एकच.

खत कारखान्यात याच रसायनाचा अवतार दुसरा. अमोनिया बनवायच्या वायूतून कार्बन डायऑक्साइड काढून टाकावा लागतो, आणि त्यासाठी गरम पोटॅशियम कार्बोनेटचं द्रावण उंच मनोऱ्यांतून खाली सोडून वायू त्यातून वर नेण्याची पद्धत जगभर वापरली गेली. तोच वायू पुढं अमोनियाशी मिळवला की युरिया होतो. तुमच्या बागेत पडणाऱ्या युरियाच्या पोत्यामागं तो मनोरा आहे, आणि त्या मनोऱ्याची उंची ठरवणाऱ्या हिशेबामागं डँकवर्ट्स आणि शर्मा.

१९६४ साली डॉक्टरेट मिळाली आणि शर्मा मुंबईला परतले. सत्ताविसाव्या वर्षी यूडीसीटीत थेट प्राध्यापक. त्या काळात केंब्रिजची पदवी घेतलेल्याला अमेरिकेची दारं सताड उघडी होती. ते माटुंग्यात आले, आणि तिथली प्रयोगशाळा वायू-द्रव अभिक्रियांसाठी जगात ओळखली जाऊ लागली. १९८९ ते १९९७ ते संस्थेचे संचालक होते. १९९० साली तेही रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

त्यांच्या पहिल्या पिढीतले विद्यार्थी बघा. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेलचे, वाढले मुंबईत, आईच्या कष्टांवर आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून. डॉक्टरेट शर्मांकडं, १९६९ साली. मग इंग्लंडात सॅलफर्ड विद्यापीठात काही वर्षं, १९७६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत परत, पुढं तिचे संचालक आणि सीएसआयआरचे महासंचालक. आणि मग आपल्या सातारा जिल्ह्यातल्या मसूरचे ज्येष्ठराज जोशी. तेही शर्मांचे विद्यार्थी. बुडबुड्यांच्या मनोऱ्यात द्रव कसा फिरतो, वर-खाली कशी वेटोळी घेतो, यावर त्यांनी आणि शर्मांनी १९७९ साली मांडलेलं प्रारूप आजही शिकवलं जातं. १९९९ ते २००९ जोशी माटुंग्याच्या संस्थेचे संचालक होते, २०१४ साली पद्मभूषण. त्यांच्यानंतर संस्थेची धुरा आली कोल्हापूर जिल्ह्यातून गेलेल्या गणपती यादवांकडं. इथून मसूर किती लांब? मोटारसायकलवर जाऊन दुपारच्या जेवणाला घरी येता येईल. केंब्रिजच्या शेल प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेतून निघालेली वाट इतक्या जवळून जाते, हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही. आपल्याकडं ‘केमिकलला आहे’ म्हटलं की लोक विचारतात, ‘म्हणजे औषधं फवारायची?’ दोष लोकांचा नाही, आम्ही सांगितलंच नाही.

डँकवर्ट्स १९७७ साली निवृत्त झाले. पण काम सुटलं नाही. १९७९ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड आणि इथेनॉलअमाइन यांच्या अभिक्रियेवर एक छोटा निबंध लिहिला. आज औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड पकडायचे जे प्रयत्न चालले आहेत, त्यांचे अभ्यासक तो निबंध अजून काढून वाचतात. हवामान बिघडतंय, जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी येतो, मणी तडकतात, शेडवरचा माल काळा पडतो, हे दुःख मी तासगावला सांगायचं कारण नाही. त्या दुःखाच्या मुळाशी असलेल्या वायूला द्रवात कसं बांधायचं, हे त्या माणसानं साठी उलटल्यावर पुन्हा शोधायला घेतलं.

२५ ऑक्टोबर १९८४ रोजी ते गेले. त्यांच्या नावानं लंडनमध्ये स्मृतिव्याख्यान सुरू झालं. आणि १९९४ चं ते व्याख्यान दिलं रघुनाथ माशेलकरांनी. आज इथं एका शिक्षकाच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, तसेच तिथंही लोक जमले होते, आणि बोलायला उभा होता त्या प्राध्यापकाच्या विद्यार्थ्याचा विद्यार्थी, मराठी मातीतला. त्या व्याख्यानात माशेलकरांनी रासायनिक अभियांत्रिकीच्या जुन्या शाखांमधले सांधे पुसले जात आहेत, असं मांडलं. मी ते छापील व्याख्यान पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सगळ्यात आधी आठवले ते आपले गुरुजी. द्राक्षाचा प्रश्न भौतिकशास्त्राचा की रसायनाचा की शेतीचा, हे त्यांनी कधी वेगळं केलं नव्हतं.

आता शाळेतल्या मुलांना माझं एक काम आहे. मागच्या रांगेत बरीच मुलं बसली आहेत, उठू नका. पुढच्या आठवड्यात शेडं भरतील. घरच्यांना विचारून शंभर मणी डिपमधले घ्या आणि शंभर मणी न बुडवलेले, दोन वेगळ्या ताटल्यांत, शेडमध्ये शेजारी शेजारी. डिपला हात लावताना मोजे घाला, ते द्रावण कातडी खातं. रोज सकाळी सात वाजता, चुकवायचं नाही, दोन्हीचं वजन करा आणि वहीत लिहा. सराफाचा काटा मिळाला तर उत्तम, नाहीतर किराणा दुकानातला चालेल. सोबत त्या दिवशी ऊन होतं की ढग, वारा होता की नाही, हेही लिहा. पंधराव्या दिवशी वही घेऊन माझ्याकडं या. मी अजून चार आठवडे गावातच आहे, वाड्याच्या मागच्या गल्लीत, सकाळी नऊनंतर दार उघडं असतं.